धाकटीचा बल्ब आन बेंदराचा रंग

आधीच सांगून ठेवते. माझं आन माझ्या धाकट्या जावंचं पटत न्हाई असं तुमाला कुणी सांगितलं तर ते साफ खोटं हाय. आमचं लय पटतं. चूल एक, पाणी एक, आजपातुर शब्दाला शब्द लागलेला न्हाई. फकस्त तिचं कौतुक सुरू झालं की माझ्या पोटात दुखायला लागतं. आन आमच्या घरात तिचं कौतुक सकाळच्या च्याबरोबरच सुरू हुतं, मग दिवसभर माझी काय गत हुत असंल ते तुमीच बगा.

धाकटी म्हंजे मंगल, माझ्या दिराची बायको. दीर, धैर्यशील, मिलिटरीत. वर्सातनं दोनदा सुट्टीवर येणार, मटण खाणार, झोप काढणार आन परत जाणार. ही हितं आमच्यात, कराडच्या खाली, उसातल्या घरात. घरात माणसं चारच. मी, माझे मालक, मंगल आन आमचे मामंजी, लालासाहेब. मालकांचं नाव नानासो. सांगायचं म्हंजे एकदा घ्यावं लागतं, परत घेणार न्हाई. सासूबाई जाऊन बरीच वर्सं झाली आन पोरं शिकायला भाईर हायत.

मंगल विट्याची. तिच्या बापाचं, जोतीरामचं, विट्याच्या एसटी स्टँडामागं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. आई लहानपणीच गेली, घरात बगायला दुसरं कुणी न्हाई, म्हणून बापानं पोरगी दुकानातच वाढवली. आमी ठिकरी खेळलो त्या वयात ही गाडीचा करंट करणाऱ्या डायनॅमोच्या आर्मेचरला तांब्याची तार गुंडाळत बसायची. मोठी झाली तवा बाप जीपच्या खाली आन ही बॉनेटवर. गिऱ्हाईक आधी हसायचं, मग गाडी चालू झाली की गप पैसे देऊन जायचं. स्थळं यायची, पोरीच्या नखातलं काळं बगायची आन च्या पिऊन उठायची.

आमच्या दिराची मोटारसायकल विट्यातच बंद पडायची हुती. हिनं ती चालू करून दिली. झालं! पुढचं सांगायला नको.

मामंजी तिला बगायला गेले तवा पोरीला सैपाक येतो का, हे इचारलंच न्हाई. इचारलं काय, तर, "डायनॅमोचे कार्बन बदलता येत्यात का?" ही म्हणाली, "येत्यात." पसंत! आन माझ्या वेळी, बगा, मला पुरणपोळी करायला लावली हुती. अंगाला घाम, डोळ्यांत धूर, चुलीम्होरं बसून पंधरा पोळ्या लाटल्या. सगळ्यांनी हात मारला आन मामंजी म्हणाले, "मीठ जरा कमी पडलंय." पुरणपोळीत मीठ! अजून माझ्या डोक्यातनं ते गेलेलं न्हाई.

मंगल आली आन सहा म्हैन्यात गावानं आमचं दार वळखायचं सोडून दिलं, ते मंगलचं दार झालं. कुणाच्या ट्रॅक्टरचा सेल्फ लागंना, कुणाच्या टेम्पोचा हॉर्न वाजतोय तो थांबंना, की आलं. "मंगलवैनी हायत का?" दारात मी उभी असते, पदर खोचून, चांगली जितीजागती, आन माणूस माझ्या खांद्यावरनं आत बगतो. मी म्हणते, हायत, भाकरी खात्यात. तर म्हणतो, "मग थांबतो." भर उन्हात थांबतो मेला! मी हाक मारली तर ह्यातला एक जण माझी दळणाची पिशवी उचलायला येत न्हाई.

एकदा मी म्हणलं, त्यात काय एवढं? बॅटरीत पाणी तर घालायचं. मंगल माहेराला गेली हुती. मी बुचं उघडली, तांब्यानं पाणी ओतलं, भाईर सांडलेलं पदरानं पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी साडी धुवायला घेतली तर ॲसिडनं पदराची चाळण. भाऊबीजेची साडी हो! आन वर मामंजी काय म्हणाले? "थोरले, नळाचं पाणी घातलंस व्हय त्यात? डोकं काय गोठ्यात ठिवून आलीस?" साडीचं कुणी इचारलंबी न्हाई.

हीच तर गोष्ट हाय. मामंजींच्या तोंडात तिला 'मंगल बाळ' आन मला 'थोरले'. भाजी खारट, थोरले. दार उघडं ऱ्हायलं, थोरले. पाऊस आला, शेण्या भिजल्या, थोरले. जसा काय पाऊस मीच बोलावला हुता. आन मंगलकडनं आक्खं पातेलं दूध उतू गेलं तर, "असू दे बाळ, हुतंय." मी जळते. सांगते की, जळते. लाज कशाची त्यात? माझ्या जागी दुसरी असती तर कवाच येगळी चूल मांडून बसली असती.

आता गाडीचं सांगते.

मामंजी मिलिटरीत गाड्यांच्या वर्कशॉपात हुते, नायब सुभेदार म्हणून सुटले. सुटून आल्यावर सातारच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडनं त्यांनी एक काळी मॉरिस घेतली. गोल पाठीची, गोल डोळ्यांची, दार लावलं की 'ठप' करून वाजणारी. ती आमच्या गोठ्याशेजारच्या शेडात असती. गाडी आता सत्तरीकडं चालली आन मामंजी सत्तरीच्या फुडं गेले, पण दोघांनी एकमेकाला सोडलेलं न्हाई.

दर म्हैन्याला ते ही गाडी घेऊन एकटेच मेढ्याला जाणार. तिथं त्यांचा सोबती हाय, भाऊसो, एकाच वर्कशॉपातला. बिचारा कमरेतनं गेलाय, अंथरुणावर असतो. पण कान शाबूत. गाडी वळणावर असती तवाच आवाज वळखतो आन सुनेला म्हणतो, "च्या टाक गं, लाल्या आला." मग दोघं-तिघं मिळून त्याला उचलणार, म्होरल्या सीटवर घालणार आन ह्ये दोन म्हातारे काचा खाली करून मेढ्यातनं चक्कर मारणार. रस्त्यात कोण भेटंल त्याला भाऊसो हात करणार. म्हैनाभर तो माणूस त्या एका चक्करंवर असतो. आन खरं सांगायचं तर आमचे मामंजीबी.

औंदा बेंदराला, बैलांच्या सणाला, मंगल हितं न्हवती. बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन हुतं म्हणून विट्याला गेलेली. मला तर सण दुप्पट वाटला. घरात एकच सून, आन ती मी! पण बैलं न्हवती. ट्रॅक्टर आल्यापासनं बैलं इकली, गोठा रिकामा. आन मामंजींना बेंदराला शिंगं रंगवल्याबिगर करमत न्हाई, जन्माची सवय. मी च्या घेऊन शेडात गेले तर म्हातारा स्टुलावर बसलेला, मॉरिसचं बॉनेट उघडलेलं, आन हातात शिंगाच्या लाल रंगाची डबी. आतलं सगळं पुसून लख्ख केलेलं. बारके बारके स्क्रू काढायचे, त्याखालचा पत्रा रंगवायचा, वर स्क्रू रंगवायचा, परत बसवायचा. म्होरं बंपरला गोंडा बांधलेला आन पुरणपोळीचा घास लावलेला.

"बगतीस काय, थोरले?" म्हणाले. "ह्योच आता माझा बैल. च्या ठेव आन जा, धूळ उडवू नकोस."

मी ठेवला च्या. रंग कुठं भाईर गेलेला न्हवता. मला वाटलं, रंगवू देत, कुणाचं काय जातंय.

त्यानंतर मामंजी मेढ्याला गेले आन येताना गाडी हायवेला बंद पडली. दिवे आधी पिवळे पडले, मग मिणमिणले, मग काहीच न्हाई. बाजूनं एसट्या आन मोठे ट्रक सुसाट. म्हातारा गाडीच्या मागं उभा राहून पांढरा टावेल हालवत हुता. मालक जीप घेऊन गेले आन त्यांना ओढून आणलं. घरात आले तवा मालकांचं तोंड पांढरं पडलेलं. बॅटरी चार्ज करून आणली, परत दोन दिवसात उतरली. कराडचा गॅरेजवाला आला, वरनं बगितलं आन म्हणाला, "डायनॅमो जळालाय. काढून टाका, नव्या गाडीचा आल्टरनेटर बसवून देतो." मामंजी म्हणाले, "आधी मला काढा."

पर मालकबी इरेला पेटले. पाचगणीचा एक हॉटेलवाला बरेच दिवस गाडी मागत हुता. चालवायला न्हाई, गेटात उभी करायला. तिच्यात फुलं ठेवायची आन लोकांनी तिला टेकून फोटो काढायचे. मालकांनी त्याला रविवारी या म्हणून सांगितलं. मामंजींच्या म्होरं उभं राहून म्हणाले, "दादा, एखाद्या ट्रकनं उडवलं असतं म्हंजे? मी काय तोंड दाखवलं असतं?" त्यांचंबी काय चुकलं? बापाची काळजीच ती.

मामंजींनी टोपी काढून परत घातली. मग म्हणाले, "रविवारपातुर चालू झाली न्हाई तर घेऊन जाऊ दे. मी आडवा येणार न्हाई." आन माझ्याकडं वळून, "थोरले, मंगलला फोन लाव."

लावला. दात आवळून लावला.

ती शनिवारी एसटीनं आली. रविवारी सकाळी पदर कमरेला खोचला, केसांचा बुचडा बांधला आन तिचा तो हत्यारांचा डबा घेऊन शेडात गेली. मालक शेडाच्या दारात, फोन हातात. हॉटेलवाला निघालाय म्हणून त्याचा फोन येऊन गेलेला. मामंजी गाडीत स्टेअरिंगवर. मी आपली भांडी घासायचं निमित्त करून शेडाशेजारच्या नळावर. मला कोण बोलावतंय!

मंगलच्या डब्यात तिच्या बापानं दिलेला एक बल्ब असतो. साधा गाडीचा बल्ब, त्याला दोन तारा आन तारांच्या टोकांना चिमटे. दिरानं तिला चांगला मीटर आणून दिलाय, पण ती म्हणते, आधी बल्बला इचारायचं, मग मीटरला.

"मामंजी, गाडी चालू असताना चार्जिंगचा लाल दिवा जातोय का?"

"न्हाई. रेस केली की उलटा जास्ती भडकतोय."

"बरं." एवढंच. तिचं ते 'बरं' मला लय झोंबतं. डॉक्टरणीगत.

शेजाऱ्याची बॅटरी आणून लावलेली. आधी तिनं डायनॅमोचा पट्टा अंगठ्यानं दाबून बगितला. मग डायनॅमोच्या दोन्ही तारा सोडवल्या, त्याच्या दोन खुंट्या वायरच्या तुकड्यानं एकमेकीला जोडल्या, बल्बचा एक चिमटा तिथं लावला आन दुसरा इंजिनाच्या अंगाला. "चालू करा. रेस करू नका हां, हळूच ठेवा. पळवला तर मग खराच जळंल." गाडी चालू झाली. बल्ब जरा मिणमिणला आन मग लख्ख पेटला.

"डायनॅमो चांगला हाय," मंगल म्हणाली.

मामंजींनी काचेतनं मालकांकडं असं बगितलं, जसं काय इलेक्शनच जिंकलं. मालक म्हणाले, "मग बॅटरी का उतरती?"

"करंट निघतोय, पण बॅटरीला पोचत न्हाई," ती म्हणाली. तारा परत जाग्यावर बसवल्या आन ती कटाऊटकडं वळली. कटाऊट म्हंजे बॉनेटच्या आत पत्र्यावर बसवलेला एक काळा डबा. डायनॅमोचा करंट बॅटरीला कवा द्यायचा आन किती द्यायचा, हे तो ठरवतो. हे मला ठाऊक हाय, कारण जेवताना ह्या घरात दुसरं काही बोललंच जात न्हाई. तिनं त्याचं झाकण काढून आत बगितलं. गाडी चालू, तरी आतली पत्ती हलत न्हवती. मग गाडी बंद करायला लावून तिनं बल्बचा एक चिमटा बॅटरीला लावला आन दुसरा इंजिनाला. पेटला. तोच चिमटा इंजिनावरनं काढून कटाऊटच्या काळ्या तारंला लावला. न्हाई पेटला. परत इंजिनाला, पेटला. परत काळ्या तारंला, ढिम्म.

"अर्थिंग न्हाई ह्याला," ती म्हणाली. "मामंजी, चालू करा." आन वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक त्या काळ्या तारंला, दुसरं इंजिनाला टेकवलं. आतनं 'टक' असा आवाज आला.

"गेला! दिवा गेला!" मामंजी आतनं वरडले. बारक्या पोरागत सीटवर उडाले. मालकांच्याबी तोंडावर हसू आलं. मी नळ बंद केला आन जवळ जाऊन उभी ऱ्हायले, कारण आता ऱ्हाववत न्हवतं.

मंगल त्या काळ्या तारंमागनं बोट फिरवत गेली. ती तार जिथं स्क्रूनं पत्र्याला बसवलेली असती तिथं थांबली. स्क्रू फिरवून काढला. तार उचलली. खाली लाल. तारंच्या चकतीखाली, स्क्रूच्या भोकाभोवती, झाक बेंदराचा लाल रंग, ओल्यावरच स्क्रू आवळलेला, कडंनं जरा फुगून वर आलेला.

"हितं रंग हाय," ती म्हणाली. "पत्र्याला तार लागतच न्हाई. कुणी लावला ह्यो?"



आता तुमी इचार करा. मामंजी मिलिटरीत नवीन पोरांना पयल्याच दिवशी काय शिकवायचे? तार बसवायच्या आधी पत्रा खरवडायचा, चकाकला पायजे. ही गोष्ट त्यांनी ताटावर बसून मला शंभरदा सांगितली असंल. आन त्याच हातानं त्यांनी ह्यो रंग लावला हुता. मी बगितलं त्यांच्याकडं. स्टेअरिंगवरचे दोन्ही हात तसेच, पण तोंड उतरलं. त्या क्षणाला त्यांना आठवलं.

मालक पुढं आले. "कुणी लावला म्हंजे? गाडीला दुसरं कोण हात लावतंय?" आन ते बापाकडं वळले. मला त्यांचं पुढचं वाक्य तोंडपाठ हुतं. दादा, तुमचं तुमाला आता कळंना झालंय, किल्ली हिकडं द्या. गाडी चालू झालेली असूनबी गेली असती. म्हातारा ओसरीला बसला असता आन तिकडं भाऊसो कान लावून.

मंगलनं मामंजींकडं बगितलं. मग तोंड उघडलं. मला तिचं ते तोंड चांगलं ठाऊक हाय. आता ही काय तरी गोड बोलणार, नीट रचून सांगणार, म्हाताऱ्याची अब्रू वाचवणार, आन परत घरभर मंगल बाळ, मंगल बाळ. मी म्हणलं, न्हाई बाई. आज न्हाई. एक तरी मला मिळू दे.

"मी लावला," मी म्हणले.

"तू?" मालक म्हणाले.

"व्हय, मी. बेंदराचा रंग उरला हुता, म्हणलं गाडीबी सजवावी. स्क्रू काढला, रंगवला, बसवला. मला काय म्हाईत त्याला उघडा पत्रा लागतो?"

मामंजी माझ्याकडं बगायला लागले. मला वाटलं, आता काय तरी बोलतील. 'बाळ' न्हाई म्हणणार, पण निदान गप तरी बसतील.

"थोरले!" असे वरडले की शेडावरचे पारवे उडाले. "तुला कुणी सांगितलं हुतं गं गाडीत हात घालायला? रंगवायचंच हुतं तर सोताचं तोंड रंगवायचं! अक्कल म्हणून हाय का न्हाई? माणूस मेला असता हायवेला! पत्रा खरवडल्याबिगर तार बसवत्यात व्हय? कुठल्या गाढवानं शिकवलं तुला?"

एकदा सुरू झाले ते थांबंनात. पण वरडत हुते ते माझ्याकडं बगून न्हाई, त्या स्क्रूकडं बगून. शेवटी शेवटी आवाज चिरकला आन खोकला लागला.

मालक मोठ्यांदा हसले. "बायकांच्या कारभारापायी गाडी इकायला निघालो हुतो की रं!" म्हणाले आन तिथंच पाचगणीवाल्याला फोन लावला, येऊ नका, घरातली गाडी हाय, घरातच ऱ्हाणार. मंगलनं पत्रा खरवडून पांढरा केला, तार बसवली, स्क्रू आवळला. गाडी चालू, लाल दिवा बंद. मामंजी खाली उतरले, तिच्या डोक्यावर हात ठिवला. "मंगल बाळ, तू हुतीस म्हणून."

आन मी? मी खरकटी भांडी.

मी मागच्या अंगणात गेले आन पातेली अशी आपटली की शेजारीण डोकावून गेली. माझ्या अंगाची लाही लाही झाली हुती. अब्रू कुणी वाचवली? मी. शिव्या कुणी खाल्ल्या? मी. आन हात कुणाच्या डोक्यावर? देवा, कुठल्या मुहूर्तावर त्या विट्यात मोटारसायकल बंद पाडलीस रे बाबा.

मंगल मागनं आली. कपड्याची पावडर घेऊन नळावर हात चोळायला लागली. मी तिच्याकडं बगितलं न्हाई.

"आक्का, रंग तुमी न्हाई लावला," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"तुमी तुळशीकट्टा रंगवलासा तवा निम्मं अंगण हिरवं झालं हुतं. त्या स्क्रूच्या भाईर एक ठिपका न्हाई." हात चोळतच हुती. "आन मामंजींच्या टोपीच्या काठाला अजून लाल हाय."

मी कढई घासत ऱ्हायले. मग म्हणलं, "माझं मी काय ते बगून घीन. तू गोड बोलून सांगितलंच असतंस की."

"मला काय बोलावं सुचतच न्हवतं. तोंड उघडलं, पण शब्द न्हवता," ती म्हणाली. मग परत पावडर घेत म्हणाली, "किती वरडले तुमच्यावर."

"मग? रोजचंच हाय ते."

"मला एकदाबी न्हाई वरडले. इतकी वर्सं झाली येऊन. मी दूध घालवलं, मी त्यांचा रेडिओ जाळला, एकदा त्यांच्या औषधाच्या गोळ्या चुकीच्या दिल्या. असू दे बाळ. पाव्हणीला म्हणत्यात तसं. गाडी बंद पडली की मंगल बाळ, ट्रॅक्टर बंद पडला की मंगल बाळ." तिच्या हाताचं काळं निघत न्हवतं, तरी ती चोळतच हुती. "काल एसटीत मला काय वाटत हुतं ठाऊक हाय का? ती गाडी गेली तर मग मी ह्या घरात कोण? हे सुट्टीवर येणार दोनदा. बाकी मी कुणाची? तुमाला शिव्या द्यायला त्यांना इचार करावा लागत न्हाई, आक्का. पोटच्या लेकीला देत्यात तशा देत्यात. मला लय हेवा वाटतो तुमचा. जळते मी."

माझ्या हातातनं घासणी पडली.

अगं बया! माझा? शेण्या, मीठ, पाऊस, दार, ह्या सगळ्याचा? मी तिच्याकडं बगितलं. रडत न्हवती, पण नाकाचा शेंडा लाल झाला हुता. खोटं बोलत न्हवती. तिला गोड बोलता येतं म्हणून मी कायम धरून चालले हुते, तिला गोडबी बोलता येत न्हवतं आन खोटंबी. मला आधी हसू आलं, आन त्याच्यामागनं, आता सांगायला काय, असा आनंद झाला, असा आनंद झाला! लग्नापासनं मला असं गार कवा वाटलं न्हवतं. माझ्यावर कुणी तरी जळतंय. आन ती बी मंगल!

मी नळ बंद केला. तिच्या हातावर गोडंतेल ओतलं आन माझ्या हातानं तिची नखं साफ केली. "येडी का काय तू," एवढंच म्हणले. दुसरं काय म्हणणार? शिव्या काय अशा मागून मिळत्यात व्हय?

दुसऱ्या दिवशी मामंजी मेढ्याला निघाले. भाऊसोला फोन गेला हुता. मॉरिस अंगणात धडधडत उभी, लाल दिवा बंद. मालक मागची हवा बगत हुते आन मंगल बॉनेटपाशी उभी राहून कटाऊटकडं शेवटची एक नजर टाकत हुती. मी आतनं पाण्याचा कॅन घेऊन निघाले, दारापातुर आले.

"थोरले!" मामंजींनी हाळी दिली. "पाण्याचा कॅन कुठं मेला? का तोबी रंगवत बसलीस?"

कॅन माझ्या हातातच हुता. मी दाराआड थांबले. मंगलनं मान वर केली हुती. मी हलले न्हाई.

"थोरले! बहिरी झालीस काय गं?" म्हातारा परत वरडला, पयल्यापरास मोठ्यांदा. आक्ख्या आळीला ऐकू गेलं. तवा मी पदर सारखा केला आन सावकाश भाईर गेले.